मानसशास्त्राची पदवी आणि आपण : जात वगळून मनाचा अभ्यास होतो का?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधल्या अभ्यासिकांत एक प्रश्न हमखास येतो. बी.ए.ला सायकॉलॉजी घेऊ का? घरचे म्हणतात, वेड्यांचा डॉक्टर होणार का? कार्यकर्ते सांगतात, त्यापेक्षा कायदा कर, एमपीएससी कर. ज्यांना थोडीफार माहिती असते ते म्हणतात, तो इंग्रजी माध्यमाच्या, चांगल्या घरच्या मुलामुलींचा विषय, आपल्याला झेपायचा नाही. तिन्ही उत्तरे वेगळी असली तरी त्यांच्यामागचे गृहीत एकच आहे. हा विषय आपला नाही.

माझे म्हणणे नेमके उलटे आहे. माझे शिक्षण समाजशास्त्राचे आणि काम समाजकार्याचे. जात ही समाजरचना आहे, हे मी वर्गात शिकलो. पण घरोघरी फिरताना जात भेटते ती माणसाच्या बोलण्यात, गप्प बसण्यात, मुलाखतीच्या आधी सुटणाऱ्या घामात. तिथे समाजशास्त्र अपुरे पडते. म्हणून मानसशास्त्र हा विषय आपल्या देशात कसा आला, त्याने कुणाचे प्रश्न विचारले आणि कुणाचे टाळले, हे तपासणे गरजेचे आहे. इतिहास माहीत नसेल तर पदवी मिळेल, पण ती कुणाच्या कामाला येईल हे दुसरेच कुणीतरी ठरवेल.

१९१६ : एकाच वर्षातल्या तीन गोष्टी

१९१६ हे वर्ष लक्षात ठेवा.

त्या वर्षी कलकत्ता विद्यापीठात भारतातला पहिला मानसशास्त्र विभाग सुरू झाला. हार्वर्डहून शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता त्याचे प्रमुख होते. तोवर हा विषय तत्त्वज्ञानाच्या पोटात होता. आता त्याला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. पुढे हा विषय हळूहळू पसरला. पुण्यात विद्यापीठाचा विभाग १९५० साली उभा राहिला आणि मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग १९५९ साली.

त्याच १९१६ साली अमेरिकेत लुईस टर्मन यांनी बिने यांच्या कसोटीची स्टॅनफर्ड आवृत्ती प्रसिद्ध केली. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये ही कसोटी बनवली होती ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत करता यावी म्हणून. टर्मन यांनी तिच्यावरून काळे, मेक्सिकन आणि मूळनिवासी अमेरिकन यांची बुद्धीच वंशाने कमी असते, असा निष्कर्ष काढला. मदतीसाठी बनवलेले साधन माणसांना खालच्या पायरीवर बसवण्यासाठी वापरले गेले.

आणि त्याच वर्षी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. जातीच्या उगमाचा निबंध म्हणून आपण तो वाचतो. पण त्यातला एक धागा आपल्याकडून निसटतो. जात एका वर्गाकडून बाकीच्या समाजात कशी पसरली, हे सांगताना बाबासाहेबांनी अनुकरणाचा आधार घेतला. वरच्याचे खालचा अनुकरण करतो, जवळ असलेला जास्त करतो. त्यासाठी त्यांनी गाब्रिएल तार्द आणि वॉल्टर बॅजहॉट यांना साक्षीला घेतले. आज आपण ज्याला सामाजिक मानसशास्त्र म्हणतो, त्याच्या पायाभरणीतले हे विचार आहेत.

हा योगायोग नव्हता. कोलंबियात बाबासाहेबांचे आवडते प्राध्यापक जॉन ड्यूई हे आपल्याकडे तत्त्वज्ञ म्हणून ओळखले जातात. पण ते मानसशास्त्रज्ञही होते. १८८७ मध्ये त्यांनी मानसशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले होते आणि १८९९ मध्ये ते अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते. पुढे १९३६ मध्ये जातिनिर्मूलनाच्या भाषणात बाबासाहेबांनी जातीचे ठिकाण मनात आहे, म्हणून केवळ बाहेरचे अडसर काढून ती जाणार नाही, ज्या श्रद्धांवर ती टिकली त्यांनाच हात घालावा लागेल, असे मांडले. तेव्हा ती काही एका क्षणाची कल्पना नव्हती. त्यामागे वीस वर्षांचा विचार होता.

आता प्रश्न असा की, जातीचा मनाच्या अंगाने विचार करणारा भारतीय विद्वान १९१६ मध्येच उभा असताना, आपल्या विद्यापीठांतल्या मानसशास्त्राने कुणाला गुरू केले? प्रयोगशाळा जर्मनी-अमेरिकेच्या धर्तीवर आल्या. कसोट्या बिने-टर्मनच्या आल्या. त्यात गैर काही नाही, विज्ञान कुठूनही घ्यावे. पण बाबासाहेबांचा धागा मात्र कुणी पुढे नेला नाही. जात समाजशास्त्राच्या खात्यावर टाकून मानसशास्त्र मोकळे झाले.

मोजपट्टी कुणाच्या हातात?

आपल्या भागापुरते बोलायचे तर बुद्धिमापनातले मोठे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे. तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या धारवाडमध्ये त्यांनी स्टॅनफर्ड-बिने कसोटी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये आले. बिने-कामत कसोटी आजही बौद्धिक अक्षमतेच्या तपासणीत वापरली जाते. परक्या देशातली कसोटी जशीच्या तशी लावू नये, आपल्या मुलांच्या भाषेत ती पुन्हा बसवावी लागते, ही कामतांची समज महत्त्वाची होती. पण ज्या घरात पुस्तक नाही आणि ज्या घरात तीन पिढ्यांची लायब्ररी आहे, तिथल्या दोन मुलांचे गुण शेजारी ठेवले की काय मोजले जाते, हा प्रश्न भाषांतराने सुटत नाही.

त्याचे उत्तर अमेरिकेतल्याच एका घटनेत आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुद्धिकसोट्या घेतल्या गेल्या. त्यांवरून कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये पुस्तक लिहून गोऱ्यांतल्याही उत्तर युरोपीय वंशाला वरचे स्थान दिले. सात वर्षांनी, १९३० मध्ये, त्याच ब्रिगहॅम यांनी आपल्या निष्कर्षांना आधार नव्हता, असे छापून मान्य केले. वेगवेगळ्या भाषेत वाढलेल्या माणसांना एका कसोटीने मोजता येत नाही, हे त्यांना पटले. पण मधल्या काळात, १९२४ मध्ये, अमेरिकेने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्या लोकांवर कडक निर्बंध घालणारा कायदा करून टाकला होता.

आरक्षणाच्या चर्चेत 'मेरिट' हा शब्द तोंडावर फेकणाऱ्यांना ही गोष्ट सांगा. आणि ती सांगायची असेल तर कसोटी कशी बनते, प्रमाणीकरण म्हणजे काय, विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांत फरक काय, हे आपल्या पोरांना आले पाहिजे. नुसता संताप उपयोगाचा नाही. मानसशास्त्राच्या पदवीत हा एक अख्खा पेपर असतो.

साच्यांवर कुणाला उभे केले नाही

आता डिलाईल रोडवर या. आजचा ना. म. जोशी मार्ग. इथल्या बीडीडी चाळी १९२१ ते १९२५ या काळात बांधल्या गेल्या. ३२ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. आजूबाजूला गिरण्याच गिरण्या. परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय होते. म्हणजे हा सगळा परिसर चळवळीच्या पायाखालचा.

या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला कताईत काम मिळे, पण जास्त मजुरीच्या विणाई खात्यात, साच्यांवर, त्याला उभे करत नसत. कारण काय? कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. यंत्र आधुनिक होते, मालक आधुनिक होता, युनियन क्रांतीची भाषा बोलत होती. विटाळ मात्र शेकडो वर्षांपूर्वीचा होता आणि तो बसला होता मनात. वर्गबंधू म्हणून खांद्याला खांदा लावणारा माणूस धोट्यापाशी आला की मागे का सरतो? हा मानसशास्त्राचा प्रश्न नाही तर कुणाचा?

मानसशास्त्र गिरणीत आले, पण वेगळा प्रश्न घेऊन. अहमदाबादच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत, म्हणजे 'अटिरा'त, कमला चौधरी यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्राचा विभाग चालत होता. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस कॅलिको मिलमध्ये आले. स्वयंचलित मागांच्या शेडमध्ये कामगारांची तुकड्या-तुकड्यांनी विभागलेली कामे बदलून त्यांनी छोटे, आपले काम आपणच वाटून घेणारे गट केले. उत्पादन वाढले, खराब माल कमी झाला. औद्योगिक मानसशास्त्रात हा प्रयोग जगभर गाजला. कामगाराला यंत्राचा सुटा भाग न मानता गटातला माणूस मानले, तर त्याचे कामही सुधारते, हे त्यातून दिसले. ही कमी गोष्ट नाही. पण संशोधनाची सुरुवात उत्पादनापासून झाली. अहमदाबादच्या गिरण्यांतही दलित कामगार मुख्यतः कताईतच होते. विणाईच्या शेडमध्ये जो पोचलाच नाही, त्याचा प्रश्न विणाईच्या शेडमधल्या प्रयोगात कुठून येणार?

संप झाला, मग मनाचे काय झाले?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. त्या संपावर अर्थशास्त्र आहे, राजकारण आहे, सिनेमा-नाटक आहे. पण भोंग्यावर उठणारा माणूस भोंगा थांबल्यावर सकाळी उठून काय करत होता? बायकोने खानावळ चालवून घर उचलले तेव्हा त्याला स्वतःबद्दल काय वाटत होते? दहावीतल्या मुलाने शाळा सोडून कुरिअरचे काम धरले तेव्हा घरात कोण कुणाशी बोलायचे थांबले? ही उत्तरे आपल्या घरांत आहेत, अभ्यासक्रमात नाहीत.

असा अभ्यास करता येतो, हे जगाने दाखवून दिलेले आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे गाव होते, तेही एका कापड गिरणीवर जगणारे. मंदीत गिरणी बंद पडली. मारी याहोडा आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. त्यांनी घरोघरचे जेवण नोंदवले, मुलांचे निबंध वाचले, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचा वेग घड्याळ लावून मोजला. पुरुष बायकांपेक्षा हळू चालत होते आणि जागोजागी थांबत होते. वेळ भरपूर असूनही वाचनालयातून जाणारी पुस्तके कमी झाली होती. १९३३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. काम गेले की फक्त पगार जात नाही, दिवसाचा आकार जातो, हे त्यांनी पुराव्यासह मांडले.

डिलाईल रोडला आपला मारिएनथाल होता. घड्याळ घेऊन कुणी आले नाही. ज्यांच्याकडे विद्या होती त्यांना प्रश्न पडला नाही, आणि ज्यांच्याकडे प्रश्न होता त्यांच्या घरात त्या विषयाचा पदवीधर नव्हता.

आज त्याच जमिनीवर फिनिक्स आणि कमला मिलच्या नावाने मॉल आणि कार्यालये उभी आहेत. बीडीडी चाळीतला पदवीधर तिथे नोकरीला जातो तेव्हा त्याला आधी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली भरावी लागते, आणि शेवटी 'हा आमच्या वातावरणात बसेल का' हे एचआर ठरवते. धोट्याचा विटाळ उघड होता, त्याविरुद्ध मागणी करता येत होती. 'वातावरणात बसत नाही' याविरुद्ध काय मागणी करणार? ती भाषा ज्याला आतून कळते तोच तिला आव्हान देऊ शकतो.

बाहुल्यांनी दिलेली साक्ष

मानसशास्त्र नेहमी वरच्यांच्याच बाजूने उभे राहते, असे मात्र समजू नका. कोलंबियातूनच, बाबासाहेबांनंतर पाव शतकाने, केनेथ आणि मेमी क्लार्क हे कृष्णवर्णीय जोडपे मानसशास्त्रात डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. केनेथ १९४० मध्ये, मेमी १९४३ मध्ये. त्यांनी लहान काळ्या मुलांपुढे चार बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर सगळ्या सारख्या. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती? बहुसंख्य काळ्या मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हटली. शेवटच्या प्रश्नाला काही मुले रडू लागली.

वेगळ्या शाळांच्या खटल्यात वकिलांनी हे संशोधन न्यायालयात नेले. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतले वंशभेदी विभाजन घटनाबाह्य ठरवले आणि निकालाच्या तळटिपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख केला. या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे टीका झाली, तीही वाचावी. पण शोषितांच्या घरातली दोन माणसे एक विषय शिकली आणि त्यांनी आपल्या मुलांची जखम न्यायालयाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली, हे महत्त्वाचे.

साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसणारा मुलगा आपल्या प्रत्येकाला माहीत आहे. आपण त्या प्रसंगाची पूजा केली. त्या गोणपाटाने मुलाच्या मनात काय केले आणि आज त्याची जागा कशाने घेतली, याचा अभ्यास केला नाही. जो झाला तो दुसऱ्यांनी केला. अर्थशास्त्रज्ञ कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले. जात कुणाला माहीत नव्हती तोवर दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फारसा फरक नव्हता. मग सर्वांसमोर नावाबरोबर जात जाहीर केली. दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, डोके तेच. २००४ मध्ये हे संशोधन पुढे आले. वसतिगृहात पहिल्याच दिवशी रँक आणि प्रवर्ग विचारला जातो तेव्हा काय होते, हे आता वेगळे सांगायला नको.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप कार्यकर्त्यांचा. मानसशास्त्र माणसाला व्यवस्थेशी जुळवून घ्यायला शिकवते, लढायला नाही. हा आक्षेप खरा आहे, पण अर्धा. १ सप्टेंबर १९६७ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात हाच मुद्दा त्यांच्या तोंडावर मांडला. वंशभेदाशी जुळवून घेणे हे निरोगी मनाचे लक्षण असू शकत नाही, असे त्यांनी सुनावले. पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी आपली स्वतंत्र संघटना काढली. म्हणजे विषय बदलता येतो, पण आत शिरून.

दुसरा आक्षेप धम्माच्या बाजूने येतो. मनाचे शास्त्र बुद्धाने सांगितले आहे, विपश्यना आहे, मग पाश्चात्त्य मानसशास्त्र कशाला? बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात मनाला केंद्रस्थान दिले, हे खरे. म्हणूनच आपण या विषयाला घाबरू नये. आणि दुसरी बाजू पाहा. आपल्या परळच्याच केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि सहकाऱ्यांनी पतंजलीच्या योगावर आधारित उपचारपद्धती उभी करून १९७३ मध्ये ती परदेशी नियतकालिकात मांडली. त्यांनी आपली परंपरा घेतली, रुग्णांवर तपासली, लिहिली. आपण बौद्ध परंपरेचे हे काम का करू नये? तपासल्याशिवाय स्वीकारू नका, हेच तर तथागतांनी कालामांना सांगितले.

तिसरा आक्षेप पोटाचा, आणि तो सर्वांत मोठा. नुसत्या बी.ए.वर कुणी मानसोपचार करू शकत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते आणि त्यासाठी आजवर एम.ए.नंतर दोन वर्षांच्या एम.फिल.चा रस्ता होता. हे नियम आता बदलत आहेत, प्रवेशाआधी ताजे पाहून घ्या. म्हणजे वाट लांब आहे, फी आहे, जागा कमी आहेत. म्हणूनच सगळ्यांनी हाच विषय घ्यावा, असे मी म्हणत नाही. पण ज्याला ओढ आहे त्याला 'हा आपला विषय नाही' म्हणून परत पाठवू नका. शाळा समुपदेशन, एचआर, विशेष मुलांचे शिक्षण, समाजकार्य, संशोधन, या वाटा पदवीनंतर पुढे शिकले की उघडतात.

भाषेची अडचणही खरी आहे. मुंबई विद्यापीठात वर्षानुवर्षे सिकॅरेली, बॅरन अशा अमेरिकन पुस्तकांवर हा विषय शिकवला गेला. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, पण वाचायचे इंग्रजीत. पूर्वग्रहाचे प्रकरण शिकताना उदाहरण काळ्या-गोऱ्यांचे, आणि बाहेर कॉलेजच्या कट्ट्यावर आडनाव विचारले जाते. सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झाले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले गेले. विद्यार्थ्याची अडचण ही संस्थेची जबाबदारी, हा त्यामागचा विचार होता. मराठीतली चांगली मानसशास्त्राची पुस्तके ही आजची तशीच गरज आहे.

हे आता का

१७ जानेवारी २०१६, रोहित वेमुला, हैदराबाद. २२ मे २०१९, डॉ. पायल तडवी, आपल्या मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात. १२ फेब्रुवारी २०२३, दर्शन सोळंकी, पवईचे आयआयटी. अशा मृत्यूनंतर संस्था म्हणतात, विद्यार्थ्यांचे समुपदेशन वाढवू. पण समुपदेशकाच्या खोलीत जातीचे नाव काढले की समोरचा म्हणणार असेल, 'तू फार विचार करतोस', तर ते समुपदेशन नाही, दुसरा अपमान आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम १८ मध्ये जातीच्या आधारे भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. कायद्यात जात आहे. समुपदेशकाच्या प्रशिक्षणात ती कुठे आहे, हे विचारणारा विद्यार्थी वर्गात बसलेला हवा. दिव्या कंदुकुरी यांनी सुरू केलेल्या 'द ब्लू डॉन'सारख्या उपक्रमांनी बहुजनांसाठी ही वाट काढायला सुरुवात केली आहे.

म्हणून या विषयाला प्रवेश घेतलेल्या प्रत्येक भावाबहिणीला तीन कामे सांगतो. एक, सामाजिक मानसशास्त्राच्या प्रकल्पाला जात हा विषय घ्या, प्राध्यापक नको म्हणाले तर लेखी कारण मागा. दोन, आपल्या चाळीतल्या संप पाहिलेल्या आजी-आजोबांच्या मुलाखती आत्ताच नोंदवा. चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत, आणि ती पिढी आता थोडीच उरली आहे. तीन, जे शिकाल ते मराठीत लिहा, विहारात येऊन सांगा. आणि वस्तीतले कुणी खचलेले दिसले तर 'मन घट्ट कर' म्हणून सोडून देऊ नका. त्याच्याशेजारी बसा, ऐका, आणि टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक लावून द्या. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते.

जय भीम!